बहिणीला पुण्यात इंजिनिअरिंग लागलंय, कॉलेज पूर्ण फी मागतंय. महाडीबीटीचं (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलचं) नेमकं कसं करायचं?

गोदाकाठचा

नमस्कार. प्रश्न घाईचा आहे, म्हणून सगळं एकदमच लिहितो.

धाकट्या बहिणीला कॅपच्या (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत पुण्यातल्या एका खासगी विनाअनुदानित कॉलेजात कॉम्प्युटर लागलं. आम्ही माजलगाव तालुक्यातले. घरी तीन एकर, कापूस आणि सोयाबीन. मी मेडिकलवर कामाला. ओबीसीत मोडतो. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (जात वैधता), नॉन क्रिमीलेअर हे सगळं कॅपचा फॉर्म भरतानाच गोळा केलंय. आईवडिलांचं उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी खाली.

परवा तिला घेऊन कॉलेजात गेलो. खिडकीवरच्या मॅडमनी फीची चिठ्ठी हातात दिली, एकूण 1,12,000. मी म्हटलं, मुलींना फी माफ आहे ना? त्या म्हणाल्या, "माफ म्हणजे शासन नंतर देतं. आत्ता पूर्ण भरा, पैसे यायचे तेव्हा येतील." बोलणं चांगलं होतं त्यांचं, पण मागं रांग लागलेली, जास्त विचारता आलं नाही. शुक्रवारपर्यंत रिपोर्टिंग करायचंय, नाहीतर जागा जाते.

बाबा आडत्याकडून उचल घ्यायला निघालेत. कापूस शेतात असताना उचल घेतली की पुढं माप त्याचं आणि भावही त्याचाच, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. मला ते होऊ द्यायचं नाही.

तर विचारायचं असं, की पूर्ण फी खरंच आधी भरावी लागते का? नॉन क्रिमीलेअर असताना वेगळा उत्पन्नाचा दाखला लागतो का? महाडीबीटीचा फॉर्म आत्ताच भरून टाकू का? आणि तिचं बँक खातं आठवीत असताना शाळेनं काढून दिलेलं आहे, तेच चालेल का? मध्ये गावात एक जण अंगठा घेऊन खाती काढून देत होता, त्यातही तिचं एक खातं निघाल्याचं आई सांगते. राहायची सोय अजून काहीच नाही.

कोणाला खात्रीनं माहीत असेल तर सांगा.

थर्ड_इयर_ईएनटीसी

दादा, आधी बाबांना थांबवा. आडत्याकडं जाऊ देऊ नका.

मी पण ओबीसी, मी पण विनाअनुदानित कॉलेजात. माझा प्रवेश 2023 चा. तेव्हा ओबीसी मुलींना शिक्षण शुल्काची निम्मी सवलत होती, निम्मी फी आम्ही भरली. 8 जुलै 2024 ला शासन निर्णय निघाला आणि ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) मुलींना शंभर टक्के झालं, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर. आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही लागू होतं, म्हणून मला दुसऱ्या वर्षापासून मिळालं. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतलेल्या जागेला मिळत नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं पण त्यात नाहीत. कॉलेज त्यातलं नाही ना, तेवढं बघून घ्या.

फॉर्मचं म्हणाल तर बहिणीला स्वतः भरू द्या, अगदी मोबाइलवरून भरला तरी चालतो. नेटकॅफेत भरायची वेळ आली तर मोबाइल नंबर आणि ईमेल तिचाच टाकायला लावा. आमच्या वर्गातल्या एकीचा फॉर्म कॅफेवाल्यानं स्वतःच्या नंबरवरून भरला होता. पुढच्या वर्षी रिन्यूअलला ओटीपी कुणाच्या फोनवर येतोय तेच कळेना. युजर आयडी आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवायला सांगा, चार वर्षं तोच लागतो.

कागद स्कॅन करताना फाइल 256 केबीच्या आत लागते. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो मोठा होतो, मग लोक तो इतका दाबतात की दाखल्यावरचा नंबरच वाचता येत नाही. स्कॅनरच्या अॅपनं ब्लॅक अँड व्हाइट पीडीएफ करा, लहानही होते आणि अक्षरही स्वच्छ दिसतं.

शिष्यवृत्तीचं_टेबल

गोदाकाठ, मी एका कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल बघतो. बरीच वर्षं बघतोय. कागदी फॉर्मचे गठ्ठे बांधून समाजकल्याणला नेऊन द्यायचो तेव्हापासून. तुमच्यासारखा प्रश्न दर जुलै-ऑगस्टला खिडकीशी येतो आणि दर वर्षी काही बाप उचल घेऊन मोकळे झालेले असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फीच्या चिठ्ठीवरचा एकूण आकडा सोडा, आधी तिच्यातली फोड बघा. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यात मुख्य दोन भाग असतात, ट्यूशन फी आणि डेव्हलपमेंट फी. कुठल्या कॉलेजला किती मंजूर आहे ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतं. मुलींची सवलत आहे ती शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काला. डेव्हलपमेंट फी, विद्यापीठाचं नोंदणी शुल्क, अनामत, विमा वगैरे भरावंच लागतं, ते शासन देत नाही. 'मोफत शिक्षण' हे शब्द ऐकून लोक रिकाम्या हातानं येतात आणि खिडकीशी वाद होतो, तो या फरकामुळं. तुमच्या चिठ्ठीत ट्यूशन किती लिहिलंय? ते वजा करून उरेल तेवढंच तुमचं देणं.

आता ट्यूशन फी आधी भरून नंतर परत घ्यायची का? नाही. पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, असं विभागानं कॉलेजांना वेळोवेळी कळवलेलं आहे. तरी कॉलेजं मागतात. कारणही मला माहीत आहे. शासनाकडून रक्कम यायला उशीर होतो, प्राध्यापकांचे पगार मात्र महिन्याच्या महिन्याला करायचे असतात. कॉलेजची अडचण खोटी नाही, पण ती तीन एकरवाल्यानं भरून काढायची नाही.

खिडकीवर बोलून उपयोग नाही, तिथल्या बाईंच्या हातात काही नसतं. साध्या कागदावर प्राचार्यांच्या नावे अर्ज करा. मजकूर असा:

"मी (बहिणीचं नाव), प्रथम वर्ष संगणक अभियांत्रिकी, कॅप फेरी 2 मधून प्रवेश, प्रवर्ग इतर मागासवर्ग. शासन निर्णय दि. 8 जुलै 2024 नुसार शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काच्या 100 टक्के लाभास मी पात्र आहे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रिमीलेअर, रहिवास व उत्पन्नाचा दाखला आणि कॅपचे वाटपपत्र सोबत जोडले आहे. तरी शिक्षण शुल्क वगळून उर्वरित शुल्क भरून घेऊन माझा प्रवेश निश्चित करावा, ही विनंती."

सही बहिणीची. अर्जाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. शिक्का दिल्याशिवाय तिथून हलू नका. पन्नास वेळा तोंडी सांगून जे होत नाही ते आवक क्रमांक पडला की होतं, कारण मग उत्तर द्यावं लागतं. तरीही नाही म्हणाले तर तोच कागद घेऊन तंत्रशिक्षणाच्या सहसंचालकांच्या विभागीय कार्यालयात जायचं. ते पुण्यात आहे.

उत्पन्नाचा दाखला काढाच. नॉन क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन वेगळे कागद. नॉन क्रिमीलेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. उत्पन्नाच्या दाखल्यात सगळं धरतात. म्हणून एक आहे म्हणजे दुसरं नको, असं होत नाही. दाखला तहसीलदारांच्या सहीचा, मागच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा, वडिलांच्या नावानं. तलाठ्याचा अहवाल, रेशनकार्ड, आधार, स्वयंघोषणापत्र घेऊन सेतूवर किंवा आपले सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करा. लोकसेवा हक्क कायद्याखाली पंधरा दिवसांत द्यायचा असतो. शुक्रवारपर्यंत हातात येणार नाही, म्हणून अर्जाची पोच पावती कॉलेजच्या अर्जाला जोडा आणि "दाखला मिळताच सादर करते" असं लिहा. दाखल्यावरचा बारकोड नंबर जपा. महाडीबीटीत तोच टाकायचा असतो, त्यावरून उत्पन्नाची माहिती पोर्टल स्वतः उचलतं.

महाडीबीटीचा फॉर्म मात्र लगेच भरू नका. कॅपची शेवटची फेरी संपू द्या, कॉलेज आणि शाखा पक्की होऊ द्या. पुढच्या फेरीत वरचं कॉलेज लागलं आणि आधीच्या कॉलेजच्या नावानं फॉर्म गेलेला असला, तर तो मागं घेऊन नवा भरण्यात फार वेळ जातो. तोवर नोंदणी आणि प्रोफाइल करून ठेवायला हरकत नाही. प्रोफाइलमध्ये वैयक्तिक माहिती, पत्ता, आईवडिलांची माहिती, चालू अभ्यासक्रम, मागचं शिक्षण आणि वसतिगृह अशी पानं आहेत. सगळी पूर्ण भरली की पात्र योजनांची यादी आपोआप दिसते. दहावीनंतर कुठं खंड पडला असेल तर तोही तिथंच विचारतात.

यादीत ओबीसीसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची योजना दिसेल. उत्पन्न कमी असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही दिसेल, तिच्यात निर्वाह भत्ताही असतो. दोन्हींपैकी एकच घेता येते. मॅट्रिकोत्तर दिसत असेल तर ती घ्या.

फॉर्म सबमिट झाला की लोकांना वाटतं संपलं. इथं खरं लक्ष द्यायचं असतं. फॉर्म आधी कॉलेजच्या क्लार्ककडं, म्हणजे माझ्यासारख्याकडं येतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या जिल्हा कार्यालयाला. कुठल्याही टेबलावर त्रुटी निघाली की तो 'सेंड बॅक' होतो, म्हणजे परत विद्यार्थ्याच्या लॉगिनला. त्याची मुदत असते. मेसेज येतोच असं नाही. मुलं अभ्यासात असतात, फॉर्म तिकडं पडून राहतो, मुदत संपते. दर रविवारी एकदा लॉगिन करून स्टेटस बघायची सवय बहिणीला लावा. आणि सबमिट केल्यावर त्याची प्रत कागदांसह कॉलेजात दिली का, हे विचारा. बऱ्याच कॉलेजांत ती दिल्याशिवाय क्लार्क फॉर्मला हात लावत नाही.

त्रुटी कसल्या येतात तेही सांगतो. आधारवर नाव एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर एक. आडनाव आधी की नंतर यानं सहसा अडत नाही, स्पेलिंगनं अडतं. अशा वेळी आधार बदलून घ्या, गुणपत्रिकेच्या मागं लागू नका. बोर्डाकडून नाव दुरुस्त करायचं तर शाळेमार्फत प्रस्ताव जातो, वर्ष त्यातच जातं. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, म्हणून पहिल्याच वेळी गुणपत्रिकेसारखं तंतोतंत करा. दुसरी नेहमीची त्रुटी फी पावतीची. पावतीवर ट्यूशन आणि डेव्हलपमेंट वेगळं लिहिलेलं नसलं की फॉर्म परत येतो. कॉलेजकडून फोड असलेलीच पावती मागा.

जालन्याची_मावशी

दादा, तू बँकेच्या खात्याचं शेवटी विचारलंस, पण ते पहिलं कर.

माझ्या मुलीचा फॉर्म सगळीकडून मंजूर झाला, पोर्टलवर रक्कम दिल्याचं दिसायला लागलं आणि खात्यात मात्र काही नाही. बँकेत गेलं की म्हणायचे, "आधार लिंक आहे हो, बघा ना, इथं दिसतंय." आम्ही पासबुक भरून घ्यायचो आणि परत यायचो. शेवटी गावातल्या एका पोरानं आधारच्या साइटवर तिच्या नंबरनं लॉगिन केलं. तिथं 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून आहे. त्यात दुसऱ्याच बँकेचं नाव! ते खातं तिच्या नावानं कधीतरी कुणीतरी काढलं होतं, पासबुक लोखंडी पेटीत तळाशी निघालं. पैसे तिथंच जाऊन बसले होते.

मग कळलं की आधार लिंक दोन प्रकारचं असतं. एक केवायसीसाठी, ते बँकेच्या आतलं. दुसरं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात यायला, ते एनपीसीआय या बँकांच्या देशभरच्या पेमेंट संस्थेकडं नोंदवलेलं असतं. सरकारी पैसा त्या दुसऱ्या नोंदीवर जातो आणि ज्या बँकेत सगळ्यात शेवटी डीबीटीची संमती दिली तिथंच जातो. फॉर्ममध्ये तू खाते क्रमांक कुठलाही लिही, पैसे आधारवरच जाणार. तुझ्या बहिणीचं अंगठेवाल्यानं काढलेलं खातं आहे म्हणालास ना, मला तीच भीती वाटली म्हणून लिहितेय.

तर आजच बघ. साइटवर आधार नंबर टाकला की ओटीपी येतो, तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. मोबाइल जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रावर जा. बँकेचं नाव दिसेल आणि खाली अॅक्टिव्ह की इनअॅक्टिव्ह ते. नको ती बँक दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी आधार सीडिंगचा संमती अर्ज दे. तोंडानं "आधार लिंक करा" म्हणू नको, "डीबीटी सीडिंग करा" असं म्हण. चारपाच दिवसांनी परत साइटवर बघ.

आणि आठवीतलं खातं अज्ञान म्हणून काढलेलं असणार, पालकाच्या सहीचं. ती अठरा वर्षांची झाली की तिच्या सहीनं नवीन केवायसी करून घ्यावं लागतं, नाहीतर व्यवहार बंद होतो. दोन वर्षं काही व्यवहार नसला तरी खातं निष्क्रिय होऊ शकतं आणि पैसे अडकू शकतात. शंभर रुपये भर, शंभर काढ, खातं चालू ठेव.

मिरजकर

या धाग्यात घुसतोय, माफ करा. आमचा मुलगा आहे, खुला प्रवर्ग, मेकॅनिकलला कॅपमधूनच लागलाय. मुलांना काहीच नाही का? मला रेशन दुकानाच्या हिशेबाचं काम मिळतं, उत्पन्न अडीच-तीन लाख.

शिष्यवृत्तीचं_टेबल

मिरजकर, आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. लोक तिला ईबीसी म्हणतात. उत्पन्न आठ लाखांपर्यंत, महाराष्ट्राचा अधिवास, कॅपमधून प्रवेश, एका कुटुंबातल्या दोन अपत्यांपर्यंत. शिक्षण शुल्काच्या पन्नास टक्के मिळतात आणि प्रवेशाच्या वेळी कॉलेजनं ट्यूशनची निम्मीच रक्कम घ्यायची असते. वरचाच अर्ज योजनेचं नाव बदलून करा. हिच्यासाठी जातीचे कागद लागत नाहीत, बाकी मार्ग तोच, फक्त पुढं फॉर्म तंत्रशिक्षणच्या टेबलावर जातो.

मुलाला बारावीत चांगले गुण असतील तर केंद्राचं नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलही बघा. तिथं बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमधल्या मुलांना उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर पदवीला वर्षाला 12,000 मिळतात. पण एकाच वेळी दोन शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत, म्हणून कुठली रक्कम मोठी पडते ते ताडून बघून मगच अर्ज करा. निम्मी ट्यूशन बहुधा जास्त भरते.

अनुसूचित जातीचे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीची सवलत. ही मॅट्रिकोत्तर 1944 पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते त्या काळातली. आज पोर्टलवर जेवढ्या योजना दिसतात त्यांत ही सगळ्यात जुनी. माझ्या टेबलावरून या एका योजनेवर शिकलेली मुलं डॉक्टर, तहसीलदार झालेली मी बघितली आहेत, त्यामुळं कोणी "कशाला खटपट, मिळत नाही" म्हणालं की मला राग येतो. यात एक गोष्ट सांभाळायची. शिष्यवृत्तीतली फीची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात येते, ती त्यानं कॉलेजला भरायची असते. घरात अडचण असली की ती खर्च होते आणि मग कॉलेज परीक्षेचा फॉर्म अडवतं. आली की त्याच आठवड्यात भरून पावती घ्या.

थर्ड_इयर_ईएनटीसी

दादा, राहायचं राहूनच गेलं. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) आणि एसबीसीसाठी (विशेष मागास प्रवर्ग) ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता धरून पुण्यात वर्षाला 60,000. जागा मर्यादित असतात, गुणवत्तेवर यादी लागते. त्यामुळं मिळेलच असं धरून चालू नका, पण अर्ज करा. शहरातल्या मुलींना मिळत नाही, बाहेरून आलेल्यांनाच मिळतो. भाडेकरार लागतो, म्हणून खोली घेतानाच घरमालकाला करारपत्राबद्दल विचारा. पुष्कळ घरमालक नको म्हणतात. माझ्या रूममेटचा अर्ज तेवढ्यासाठी अडला आणि तिनं खोली बदलली.

आधी इतर मागास बहुजन कल्याणच्या मुलींच्या वसतिगृहाला अर्ज करा. तिथं मैत्रिणी पण मिळतात. पहिल्या वर्षी पुण्यात एकटं वाटतं.

गोदाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबा थांबलेत.

चिठ्ठीत ट्यूशन 95,000 आहे, डेव्हलपमेंट 12,000 आणि इतर 5,000. म्हणजे आमचं देणं 17,000, ते घरात आहेत. तलाठ्याचा अहवाल झाला, दाखल्याची पोच घेतली. आज अर्ज घेऊन कॉलेजात गेलो. आधी नको म्हणाले, मग शिक्क्याचं बोलल्यावर आत रजिस्ट्रारकडं पाठवलं. त्यांनी शासन निर्णयाची प्रत वाचली आणि 17,000 वर प्रवेश घ्यायला तयार झाले. पण एक हमीपत्र समोर ठेवलं. त्यात लिहिलंय, "शिष्यवृत्तीची रक्कम 31 मार्चपर्यंत प्राप्त न झाल्यास संपूर्ण शिक्षण शुल्क मी स्वतः भरेन." बहिणीची आणि बाबांची सही पाहिजे. मी उद्या देतो म्हणून घरी घेऊन आलो. करावी का सही?

मावशी, तुम्ही म्हणालात तेच निघालं. सीडिंग त्या अंगठेवाल्या खात्यालाच आहे. उद्या सकाळी तिला घेऊन बँकेत जातोय.

शिष्यवृत्तीचं_टेबल

कागद घरी आणलात, बरं केलंत. हमीपत्र मागणं गैर नाही, आम्हीही घेतो. मुलगा मध्येच कॉलेज सोडून गेला, फॉर्मच भरला नाही, तर कॉलेजला काहीतरी आधार लागतो. पण 31 मार्चवर सही करू नका. शासनाची रक्कम मार्चनंतर, कधी पुढच्या शैक्षणिक वर्षातही येते. त्यात तुमच्या बहिणीचा काही दोष नसतो, आणि या वाक्यानं तिच्यावर एप्रिलमध्ये 95,000 चं देणं उभं राहतं.

रजिस्ट्रारना सांगा की एवढं एक वाक्य बदलून द्या: "माझ्या चुकीमुळे शिष्यवृत्तीचा अर्ज नामंजूर झाल्यास अथवा मी अर्ज न केल्यास शिक्षण शुल्क भरेन." यात कॉलेजची सोय आहे आणि तुमचीही. वाचून बघितल्यावर सहसा कोणी नाही म्हणत नाही. हातानं खोडून लिहिलं तर खोडलेल्या जागी दोघांच्याही सह्या घ्या, आणि त्याची झेरॉक्स आवक शिक्क्याच्या प्रतीबरोबर ठेवा.

टीसी, गुणपत्रिका असे मूळ कागद जमा करून घेतील, ते देण्याआधी सगळ्यांचे स्वच्छ स्कॅन करून ठेवा, महाडीबीटीला तेच लागणार आहेत. आणि पावती हातात पडली की तिच्यावर 95,000 समोर काय लिहिलंय ते बघा. तिथं 'थकबाकी' असं लिहून देतात काही ठिकाणी. 'शिष्यवृत्तीद्वारे येणे' असं लिहून घ्या. नाहीतर सत्र संपताना परीक्षेच्या फॉर्मला तोच आकडा थकबाकी म्हणून पुढं येतो आणि तेव्हा खिडकीवर दुसरंच कोणीतरी बसलेलं असतं.

जालन्याची_मावशी

बँकेत जाताना मूळ आधारकार्ड ने, झेरॉक्सवर करत नाहीत. पोरीला अभ्यासाचं बघू दे म्हणावं.